पळणारी गाडी आणि थांबणारी गाडी

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवात, पाचव्या दिवशी केलेलं भाषण. बहुतेक बोललो तसंच उतरवून काढलं आहे.)

 

या मांडवात आजवर मोठमोठी माणसं बोलून गेली. ज्ञानेश्वरीवर बोलली, बसवण्णांच्या वचनांवर बोलली, निजामाच्या काळावर बोलली. मी सरकारी नोकर, तोही डिप्लोमावाला. गेल्या आठवड्यात सेक्रेटरी घरी आले आणि म्हणाले, यंदा बाहेरून वक्ता मिळाला नाही, तुम्ही बोला. मी म्हटलं, मला मोटर आणि वायरिंग सोडून काही येत नाही. ते म्हणाले, मग त्यावरच बोला, पण पाऊण तासाच्या वर जाऊ नका, नंतर आरती आहे. तेव्हा आजचा विषय आहे बॅटरीवरची गाडी जास्त पळावी म्हणून काय काय करतात, आणि केल्यावर काय होतं. हे मी पुस्तकातून आणलेलं नाही. स्वतः केलेलं आहे, आणि त्याची किंमत माझ्या घरातल्याच माणसानं दिली आहे. ते इथंच समोर, पंख्याच्या बाजूला बसलेत.

आपल्याकडे रस्त्यावर कन्नड पाटी असते, ‘निधानवागि चलिसि’. म्हणजे हळू चालवा. आमच्या घरी उदगीरकडून पाहुणे आले की ती पाटी वाचून दरवेळी विचारतात, ‘निदान काय? निदान चालवा तरी?’ आपल्या मराठीत निदान म्हणजे कमीत कमी, आणि निधान म्हणजे ठेवा. सीमेवर राहण्याची ही गंमत आहे. एकच शब्द, इकडच्याला हळू जा म्हणतो आणि तिकडच्याला कमीत कमी चालव तरी म्हणतो. आमच्या घरात ती पाटी तिकडच्यासारखीच वाचली गेली.

गोष्ट अशी. माझ्या मेहुण्याचं उदगीर तालुक्यात, गावाबाहेर, एक मंगल कार्यालय आहे. मोठं लॉन, पुढं गेट, आणि गेटापासून मांडवापर्यंत चांगलं अंतर. म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. तो कुणाच्या तरी ओळखीनं हैदराबादला गेला आणि एका बंद पडलेल्या रिसॉर्टच्या लिलावातून बॅटरीच्या दोन जुन्या गाड्या घेऊन आला. गोल्फ कार्ट म्हणतात त्या. विमानतळावर, मोठ्या रेल्वे स्टेशनच्या फलाटावर वयस्कर लोकांना नेणारी उघडी गाडी तुम्ही पाहिली असेल, तीच. गोल्फ आपल्यापैकी कुणी खेळत नाही, पण गाडी बघून सगळ्यांना बसावंसं वाटतं. आवाज नाही, धूर नाही. आपल्या बेंगळूरच्या मैनी मंडळींनी कारखान्यात आणि आवारात फिरणाऱ्या अशा बॅटरीच्या गाड्या बनवल्या, आणि त्याच घरातून २००१ साली रेवा नावाची छोटी विजेची मोटार रस्त्यावर आली. पुण्याच्या कायनेटिकवाल्यांनीही अलीकडे गोल्फ कार्ट काढल्या आहेत. म्हणजे ही वस्तू आता परकी राहिलेली नाही.

एक गाडी पार खलास होती, तिचे सुटे भाग काढून दुसरी चालती केली. सहा जणांची गाडी. पुढं दोन बाकं, मागं उलटं तोंड करून बसायचं एक बाक. सीटखाली आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, म्हणजे ४८ व्होल्ट. एकेक बॅटरी उचलायची म्हणजे पाठ धरते, पावणेदोनशे किलो नुसत्या बॅटऱ्याच. नवीन बॅटऱ्या टाकल्यावर गाडी ताशी २२ किलोमीटरनं पळायला लागली. या गाड्या मुळात तेवढ्याच पळतात, २० ते २४. त्याला कारण आहे, पण तेव्हा आम्हाला ते कारण म्हणजे कंपनीचा कंजूषपणा वाटला.

कार्यालयात सहा महिने सगळं छान चाललं. पण मेहुण्याच्या मनात आलं की फाट्यावर एसटीतून उतरणाऱ्या पाहुण्यांनाही हिच्यातूनच आणावं. फाटा साडेतीन किलोमीटर. ताशी २२ नं यायला दहा मिनिटं लागतात. माझा भाचा, त्याचा मुलगा, तेव्हा सतरा वर्षांचा, तो म्हणाला, ‘मामा, हिला पस्तीसला नेता येतं. मी सगळं बघून ठेवलंय.’ मी काय म्हणायला पाहिजे होतं ते तुम्हाला कळतंय. मी म्हणालो, ‘दाखव बरं.’

इथं जरा तांत्रिक बोलतो. सेक्रेटरींनी मनाई केली होती, पण याच्याशिवाय पुढचं समजणार नाही.

बॅटरीच्या गाडीचा वेग वाढवायचे चार मार्ग आहेत. पहिला, कंट्रोलरमधली मर्यादा काढणं. कंट्रोलर म्हणजे पायाखालचं पॅडल जेवढं दाबाल तेवढी वीज मोटरला सोडणारा डबा. नव्या गाड्यांत मोटरच्या दांड्याला सेन्सर असतो, ठरलेल्या वेगाच्या वर गेली की डबाच मोटरला आवरतो. तो आकडा बदलता येतो. दुसरा मार्ग, व्होल्टेज वाढवणं. मोटरला जास्त व्होल्ट दिले की ती जास्त फिरते, पंख्याच्या रेग्युलेटरसारखं समजा. तिसरा, मागच्या धुऱ्यातले दात बदलणं. चौथा सगळ्यात सोपा, मोठे टायर घालणं. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढं जाते.

आमची गाडी जुन्या पद्धतीची, सिरीज मोटरची. तिच्यात सेन्सर नाही, मर्यादा नाही. पूर्वीच्या विजेच्या रेल्वे इंजिनांत याच जातीच्या मोटरी असायच्या, कारण सुरुवातीला ओढ जबरदस्त. हिचा एक स्वभाव आम्हाला डिप्लोमाला पहिल्याच वर्षी शिकवला होता. सिरीज मोटर रिकामी, लोड न लावता, चालवायची नाही. लोड कमी झाला की ती वेग घेत जाते, आणि वेगाला वरची हद्द नसते. परीक्षेत हा प्रश्न मी बरोबर लिहिला होता.

आम्ही दुसरा आणि चौथा मार्ग एकत्र केला. कंट्रोलर हैदराबादहून ७२ व्होल्टपर्यंत चालणारा आणला. सहा बॅटऱ्यांना ओळीत एक बारा व्होल्टची जोडली, म्हणजे ६० व्होल्ट झाले. आणि अठरा इंची टायर काढून बावीस इंची घातले. मोठं चाक वरती घासायला लागलं म्हणून स्प्रिंगखाली लोखंडी तुकडे घालून गाडी तीन इंच वर उचलली. हिशेब करा. ६० भागिले ४८ म्हणजे सव्वापट. बावीस भागिले अठरा, तेही जवळजवळ सव्वापट. बावीस किलोमीटरचे झाले तेहेतीस. मोबाइलवर बघितलं, ३३ बरोबर. भाच्यानं गाडीवर उभं राहून शिट्टी मारली. मला खोटं बोलायचं नाही, मलाही लई भारी वाटलं. दिवसभर फायली बघणाऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं काहीतरी पळवलं होतं.

पहिली चूक आठ दिवसांत कळली. सातवी बॅटरी होती घरातल्या ट्रॅक्टरची. ती स्टार्टर मारायला बनवलेली. क्षणभर भरपूर वीज देते आणि लगेच भरून निघते. गाडीच्या बॅटऱ्या तासन्‌तास सावकाश रिकाम्या व्हायला बनवलेल्या. ओळीत जोडलेल्या सगळ्या बॅटऱ्यांतून वीज एकसारखीच जाते, पण ट्रॅक्टरवालीचं पोट लहान. बाकीच्या अर्ध्या भरलेल्या असताना ती पार रिकामी, आणि मग उरलेल्या सहा जणी तिच्यातून उलटी वीज ढकलतात. ती तापली, फुगली, ॲसिडचा वास सुटला. म्हणून नवीन, मोठ्या पोटाची बारा व्होल्टची आणली. त्याच वेळी वायरही जाड टाकली, कारण जुनी वायर हाताला चटका देत होती. बघा, प्रत्येक चूक आम्ही दुरुस्त करत गेलो. बॅटरी सुधारली, वायर सुधारली, फ्यूज मोठा घातला. सगळं लक्ष गाडी पळण्याकडं. थांबण्याकडं कुणीच बघितलं नाही.

बऱ्याच गोल्फ कार्टप्रमाणे हिलाही ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना आहे. पुढं काही नाही. पायाच्या पॅडलपासून मागं दोन केबली जातात, सायकलीसारख्या, आणि ड्रममधले लायनर दाबतात. हिरवळीवर, वीस-बावीसच्या वेगाला, तेवढं भरपूर होतं.

अक्षय तृतीयेच्या आसपासची दाट लग्नतिथी होती. माझे वडील, तात्या, वय ७६, आणि घरातली चार माणसं लग्नाला एसटीनं गेली होती. भाचा फाट्यावर गाडी घेऊन उभाच. सहा जणांच्या गाडीत आठ जण बसले, दोन पोरं मांडीवर. तात्या पुढं, ड्रायव्हरशेजारी. मी दुसऱ्या कुणाच्या मोटरसायकलवर मागं होतो, म्हणून मला सगळं दिसलं.

फाट्यापासून गावाकडं जाताना एक ओढा लागतो. ओढ्याकडं चांगला उतार आहे, खाली अरुंद पूल आणि पुलाच्या अलीकडं वळण. त्या दिवशी पुलावर सोयाबीनच्या पोत्यांचा ट्रॅक्टर येत होता. भाच्यानं ब्रेक दाबला. मला मागचा लाल दिवा दिसला. गाडीचा वेग कमी झाला, पण थांबेना. उतारावर मोटरवरचा लोड गेलेला, ही आमची सिरीज मोटर, ती रोखून धरत नाही. वरून मागच्या दोन ड्रमांवर आठ माणसांचं वजन. लायनर जळल्याचा वास मला मागं आला. पोरगं घाबरलं नाही, हे मी त्याच्या बाजूनं सांगतो. पुलावर ट्रॅक्टरला धडकण्यापेक्षा त्यानं गाडी डावीकडं शेतात घातली. रस्त्याच्या कडेला हातभर खोल होतं. तीन इंच वर उचललेली गाडी, ती डाव्या अंगावर आडवी झाली. डाव्या अंगाला तात्या.

बाकीच्यांना खरचटलं, एका पोरीचा दात गेला. तात्यांचं खुब्याचं हाड मोडलं. उदगीरला ऑपरेशन झालं. सहा महिने वॉकर, नंतर काठी. ज्या वयात माणूस पडला की उठत नाही म्हणतात, त्या वयात ते उठले. ते त्यांच्या हट्टामुळं, आमच्या हुशारीमुळं नाही. तक्रार तरी कुणी कुणावर करायची? गाडी घरची, ड्रायव्हर घरचा, इंजिनिअर घरचा.

दवाखान्यात रात्री बाकावर बसून मी तो हिशेब केला, जो दोन महिने आधी करायचा होता. कागद नव्हता, औषधाच्या चिठ्ठीच्या मागं केला. तो तुम्हाला सांगतो, कारण घरी स्कूटर असलेल्या प्रत्येकाला तो लागू आहे.

वेग दीडपट केला. बावीसचे तेहेतीस. पण धावत्या गाडीत साठलेली शक्ती वेगाच्या वर्गानं वाढते. दीड गुणिले दीड, सव्वादोन. म्हणजे ब्रेकला सव्वादोन पट काम. आता चाक मोठं केलं. ड्रम तेवढाच, लायनर तेवढंच, पण चाकाचा घेर वाढला की तोच ब्रेक जमिनीवर कमी जोर लावतो. तरफेचा नियम आहे, पोरांना शाळेत असतो. अठराचे बावीस केले तर ब्रेकचा जोर जवळजवळ पाचवा हिस्सा कमी. दोन्ही मिळून थांबायला लागणारं अंतर पावणेतीन पट. आधी सपाट रस्त्यावर सहा मीटरमध्ये थांबणारी गाडी आता सोळा-सतरा मीटर घेणार. शिवाय डोळ्यानं बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. त्या एका सेकंदात आधी सहा मीटर जायचे, आता नऊ. बेरीज करा, बाराचे पंचवीस-सव्वीस. हे सपाटीला, ठरलेल्या माणसांना. उतार धरा, दोन माणसं जास्त धरा, ब्रेकची ताणलेली केबल धरा. त्या वळणापासून पुलापर्यंत किती अंतर होतं ते मी नंतर टेपनं मोजलं. अठ्ठावीस मीटर.

म्हणजे गाडीनं काही चूक केली नाही. आम्ही तिला जे सांगितलं तेच तिनं केलं.

तात्यांनी दवाखान्यात मला एकच वाक्य बोललं. त्यांनी आयुष्यभर बैल ठेवले. म्हणाले, ‘बैलाला उतारावर हाकत नसतात, आवरून धरतात. तुमच्या बैलाला आवरायला काय होतं?’ माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आता कुणी म्हणेल, आमच्याकडं कुठं गोल्फ कार्ट आहे? बरोबर. पण भालकीत कमी वेगाच्या विजेच्या स्कूटरी किती आहेत ते संध्याकाळी बसस्टँडपाशी उभं राहून बघा. क्लासला जाणारी पोरं, बँकेत जाणाऱ्या बायका, सगळ्यांना सोयीच्या. या स्कूटरींना लायसन लागत नाही, नोंदणी लागत नाही, आपला केए ३९ तिच्यावर लागत नाही. का? तर केंद्राच्या मोटार वाहन नियमांत लिहिलंय की मोटर पाव किलोवॅटपेक्षा, म्हणजे २५० वॅटपेक्षा कमी असेल, वेग ताशी २५ च्या आत असेल, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल, तर ती कायद्यानं मोटार वाहन धरायचीच नाही. एक प्रकारे सायकलीचीच मोठी बहीण.

आणि याच स्कूटरीचा लॉक काढून देतात. कंट्रोलरमधून एक बारीक वायर बाहेर आलेली असते, ती तोडली किंवा दुसरीला जोडली की पंचवीसची चाळीस होते. पाच मिनिटांचं काम. मेकॅनिक चहाच्या पैशात करून देतो, पोरगं घरी सांगत नाही. वायर तुटली त्या क्षणी ती कायद्यानं मोटार वाहन झाली. मग लायसन नाही, नोंदणी नाही, विमा नाही. आणि चालवणारं पोरगं अठराच्या आतलं असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकावर येतं, २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. नोंदणी असलेल्या गाडीत परस्पर बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये. नोंदणी पुस्तकात कंपनीनं जे लिहिलंय त्याच्याबाहेर गाडी बदलता येणार नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्येच दिलाय. महाराष्ट्रात मे २०२२ मध्ये परिवहन आयुक्तांनी अशा बदललेल्या ई-बाइकवर कारवाईचे आदेश काढले. कायद्याचं एवढं पुरे. मी आरटीओ नाही.

बॅटरीबद्दल मात्र दोन शब्द जास्त बोलणार. आमच्या गाडीत शिसं-ॲसिडची बॅटरी होती, ती बिघडली की फुगते, सांडते. स्कूटरीत आता बहुतेक लिथियम असते. तिच्या प्रत्येक पॅकमध्ये राखण करणारं एक सर्किट असतं. जास्त वीज ओढली, जास्त तापली की ते तोडतं. वेग वाढवल्यावर हेच सर्किट सारखं मधे येतं, गाडी बंद पडते, मग ‘हे नडतंय’ म्हणून तेही काढून टाकणारे महाभाग आहेत. राखणदाराला हाकलून घर उघडं ठेवल्यासारखं आहे ते. मार्च २०२२ मध्ये पुण्याला लोहगावात नुसती उभी असलेली विजेची स्कूटर पेटली, तो व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. त्या वर्षी अशा आगी लागत गेल्या, तेव्हा सरकारनं बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या, १ डिसेंबर २०२२ पासून. त्या चाचण्या पॅक, सर्किट, चार्जर सगळं एकत्र धरून होतात. आपण त्यातलं एक बदललं की चाचणी आपल्यापुरती रद्द. आणि आपण ही गाडी रात्री चार्जिंगला लावतो कुठं? जिन्याखाली. वरती माणसं झोपलेली.

माझे एक शाळासोबती आता अमेरिकेत फ्लोरिडात असतात. ते सांगतात, तिथं म्हाताऱ्यांच्या वसाहतीच आहेत, जिथं बाजारहाट, देऊळ, डॉक्टर सगळं गोल्फ कार्टनं. जॉर्जियातल्या पीचट्री सिटी नावाच्या गावात तर त्यांच्यासाठी वेगळे रस्ते बांधलेत. म्हणजे वेगाची हौस तिथंही असणारच. पण तिथल्या सरकारनं १९९८ मध्ये एक गोष्ट शहाणपणाची केली. ताशी वीस मैलांच्या, म्हणजे ३२ किलोमीटरच्या वर जाणारी गाडी असेल तर तिला नुसती गोल्फ कार्ट म्हणायचं नाही. वेगळा वर्ग, आणि मग हेडलाइट, इंडिकेटर, आरसे, पुढची काच, सीटबेल्ट, सगळं लावा. आमची गाडी ३३ ला गेली तेव्हा तिच्यावर यातलं काय होतं? भोंगा होता, तोही लग्नातल्या बँडचा सूर वाजवणारा.

अशा गाडीची खरी जागा कुठं, ते बघायचं असेल तर माथेरानला जा. तिथं मोटारींना बंदी. दस्तुरी नाक्याला गाड्या ठेवायच्या, पुढं वर्षानुवर्षं घोडा, पाय किंवा माणसानं ओढायची रिक्षा. चढ-उताराच्या, जांभ्याच्या लाल मातीच्या रस्त्यावर, आपल्या बीदरसारख्याच लाल मातीच्या, एक माणूस पुढं ओढायचा, एकदोन मागून ढकलायचे किंवा उतारावर मागं खेचून धरायचे. ९४ हातरिक्षा होत्या. त्या लोकांच्या संघटनेनं वर्षानुवर्षं कोर्टात मागणी केली की आम्हाला ई-रिक्षा द्या. डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की माणसानं माणसाला ओढणं सहा महिन्यांत बंद करा आणि त्याच लोकांना ई-रिक्षा द्या. ही बातमी मी पेपरातून कापून ठेवलीये. बॅटरीच्या, हळू चालणाऱ्या गाडीनं यापेक्षा मोठं काम काय करायचं? तिथल्या कुणी आजवर असं म्हटलेलं नाही की ती चाळीसनं पळाली पाहिजे. त्यांना एवढंच हवंय की चढावर छातीत कळ येऊ नये आणि उतारावर ती थांबावी.

परत आमच्या गाडीकडं येतो आणि संपवतो, सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत.

मेहुणा गाडी भंगारात द्यायला निघाला होता. मी दिली नाही. भाच्याला बरोबर घेतलं आणि दिवाळीच्या सुट्टीत तिला परत मूळ रूपात आणली. लोखंडी तुकडे काढले, अठरा इंची टायर, ४८ व्होल्ट. दुसऱ्या खलास गाडीचे ड्रम नीट घासून घेतले, नवीन लायनर, नवीन केबली. मग त्याला सांगितलं, वेग वाढवायचाय ना, आधी थांबवून दाखव. आम्ही कार्यालयाच्या मागं चुन्याच्या रेघा मारल्या आणि सहा माणसांच्या वजनाची सिमेंटची पोती ठेवून पंधरा वेळा ब्रेक मारला. दर वेळी अंतर वहीत लिहिलं. पाच-सहा वेळा झाल्यावर ड्रम तापतात आणि अंतर वाढत जातं, हे त्यानं स्वतःच्या डोळ्यानं पाहिलं. त्यातून आकडा ठरला. पॅडलखाली एक लाकडी ठोकळा बसवला, गाडी ताशी १४ च्या वर जात नाही. उताराच्या रस्त्यावर न्यायचीच नाही, गेटाबाहेर नाही. तो ठोकळा त्याच्याच हातचा आहे, वर त्यानं पेननं तारीख टाकलीये. पोरगं आता लातूरला डिप्लोमा करतंय, इलेक्ट्रिकल. मला परवा फोनवर विचारत होतं, ‘मामा, सिरीज मोटरचा प्रश्न नक्की येतो का?’ मी म्हटलं, येतो. नीट लिही.

तात्या त्या अपघातानंतर दोन वर्षं त्या गाडीत बसले नव्हते. या चैत्रात मेहुण्याच्या मुलीचं लग्न झालं. गेटापाशी उतरल्यावर मी व्हीलचेअर पुढं केली. त्यांनी काठीनं ती बाजूला सारली आणि सरळ गाडीकडं गेले. पुढं नाही बसले, मधल्या बाकावर बसले, उजव्या अंगाला. चालवायला मीच होतो. लॉनच्या कडेनं, चौदाच्या वेगानं, मांडवाकडं निघालो. शेजारून पळत जाणारी पोरं आम्हाला मागं टाकून पुढं गेली. तात्यांनी ते बघितलं. मग काठीनं माझ्या सीटला मागून टोचून म्हणाले,

‘अरे, जरा हाण की.’